सोलर वॉटर हीटर बसवावा की नको? (जुनं घर, सहा माणसं, अधूनमधून बोअरचं पाणी)

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं जुनं दुमजली घर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एक बाथरूम खाली, एक वर, दोन्हीकडे गीझर. सासऱ्यांची आंघोळ पहाटे साडेपाचला, मुलांची सातच्या सुमारास, नवऱ्याची आठला आणि माझी सगळ्यांचं आवरल्यावर, म्हणजे कधीही. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की आमचे दोन्ही गीझर सकाळभर चालू असतात आणि बिल ३०० युनिटच्या पुढच्या टप्प्यात जाऊन बसतं.

एक विक्रेता गच्ची बघून गेला. सहा माणसं म्हणजे ३०० लिटर लागणारच, काचेच्या नळ्यांचं घ्या आणि गीझर भंगारात द्या, असं त्याचं म्हणणं. नवरा म्हणतो हीटर नकोच, सरकारी योजनेतून विजेची पॅनेलं लावू आणि त्यावर गीझर चालवू. सासूबाई म्हणतात, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटके देतं, त्यासाठी पैसे कशाला घालायचे?

एरवी पाणी मनपाचं, पण उन्हाळ्यात कमी पडलं की बोअरचं वर चढवतो. ते जड आहे, बादलीला पांढरे थर बसतात.

ज्यांनी बसवून काही वर्षं वापरलंय त्यांनी लिहा. 'घ्या, छान आहे' एवढंच नको, कुरकुरसुद्धा चालेल.

---

टवाळ

सासूबाईंना अनुमोदन. बाकी वाचतोय.

---

काटकसर

आधी हिशोब करू, मग विक्रेत्याचं बघू.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४.६५ युनिट वीज लागते. पण ६० अंशांच्या पाण्याने कोणी आंघोळ करत नाही, आपण विसण घालतो. माणशी दीड बादली, म्हणजे ३० लिटर पाणी ४० अंशांचं धरा. त्यातलं १५ लिटर सोलरचं ६० अंशांचं आणि १५ लिटर थंड २० अंशांचं. सहा जणांचं कढत पाणी झालं ९० लिटर. थंडीत, दिवस लहान असताना, टाकीत ६० ऐवजी ५० अंश मिळालं तर माणशी २० लिटर लागेल, म्हणजे १२० लिटर. भांड्यांना थोडं धरा, पाहुणे धरा. १५० पुरेल, २०० म्हणजे चैन. ३०० लिटर हा त्याचा टार्गेटचा आकडा असणार.

आता वाचणारी वीज. सहा आंघोळींना ४.२ युनिट. गीझर चालू ठेवून विसरलात तर त्याची गळती वेगळी, म्हणून पाच धरू. गरम पाणी हवंय आणि ऊनही आहे असे दिवस वर्षात २०० धरले तर १००० युनिट. वरच्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या खाली नसतंच, तेव्हा वर्षाला दहा हजार. हीटर, स्टँड, पाइप, मजुरी मिळून चाळीस हजार गेले तर चार वर्षांत वसूल. पण सहाच्या जागी दोनच माणसं राहत असतील तर हेच गणित दहा-बारा वर्षांवर जातं. मुलं शिकायला बाहेर पडणार असतील तर तेही मनात धरा.

---

सदाफुली

पुण्यातल्या सोसायटीचा अनुभव लिहिते. गच्चीवर सगळ्यांचं मिळून एक मोठं सोलर, प्रत्येक फ्लॅटच्या एकाच बाथरूमला जोडणी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नळ सोडल्यावर गरम पाणी येईपर्यंत बादली भरून जाते, तीही वरच्या कोणी नळ सोडून ठेवला नसेल तर. साडेआठनंतर उठणाऱ्याला कोमट. रविवारी सगळेच उशिरा उठतात, त्यामुळे रविवारी सगळ्यांनाच कोमट! मीटिंगमध्ये दर वर्षी हा विषय निघतो आणि चहा आला की संपतो.

पण अबोली, तुझं स्वतंत्र घर आहे, तुला हे लागू नाही. टाकी तुझी आणि नळही तुझे.

---

जिन्याखालचा

सदाफुली म्हणतात तेच स्वतंत्र घरालाही लागू आहे, फक्त प्रमाण कमी. सगळे ऊन आणि लिटर बोलतात, पाइपची लांबी कोणी विचारत नाही. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी बसतं. गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत वळणं घेत २० मीटर झाले तर पाच लिटर थंड पाणी आधी येणार. तेवढंच गरम पाणी शेवटी पाइपात अडकून थंड होणार.

बादलीने आंघोळ करणाऱ्यांना याचा त्रास नाही, कारण पहिलं थंड पाणी त्याच बादलीत विसण म्हणून जातं. शॉवरवाल्यांचं मात्र ते मोरीत जातं. आणि आंघोळी पाठोपाठ झाल्या तर हा फटका एकदाच बसतो. साडेपाच, सात, आठ आणि 'कधीही' अशा झाल्या तर चारदा. त्यामुळे हीटर कुठल्या कंपनीचा यापेक्षा तुमच्या घरात कोण कधी नाहतं हे महत्त्वाचं.

टाकी शक्यतो बाथरूमच्या बरोब्बर डोक्यावर येईल अशी ठेवा. गरम पाण्याच्या पाइपाला आच्छादन हवंच. ते उन्हाने दोन-तीन वर्षांत फाटतं, म्हणून वरून काहीतरी गुंडाळून घ्या. पाइप सीपीव्हीसी किंवा पीपीआरचा, साधा पांढरा पीव्हीसी अजिबात नको. प्लंबर 'चालतंय की' म्हणेल. नाही चालत, मऊ पडून वाकतो.

---

तांबडा_पांढरा

कोल्हापूर. आमच्यात अजून बंब हाय परसात, तांब्याचा. लाकडं, शेणी, नारळाच्या शेंड्या, काय मिळंल ते घालायचं. सोलर भावानं बसवलंय वरच्या मजल्याला. पावसाळ्यात चार महिने तोबी खाली येतोय बंबाकडं बादली घेऊन.

---

भातखाचर

आमच्या रत्नागिरीकडे पाणी तापवायला मागच्या पडवीत चूल आणि सोडणं, म्हणजे नारळाच्या शेंड्या. सोलर लावलेली घरं आहेत, पण माकडांनी नळ्यांवर उड्या मारल्या की काचांचा खच. एकांनी वरून जाळी टाकली, तर तिची सावली पडून पाणी तापेना. माकडं असतील तिथे सपाट पेटीवालाच बरा, त्याला वर जाड टफन्ड काच असते.

---

वायरमन_निवृत्त

इथे दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने चालल्यात, त्या आधी सुट्या करतो.

पाणी तापवणाऱ्या सोलरला केंद्र सरकारचं अनुदान होतं, ते २०१४ साली बंद झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेली पीएम सूर्यघर योजना ही वीज तयार करणाऱ्या पॅनेलांची. घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार. वॉटर हीटरवर 'सरकारी सबसिडी मिळवून देतो' असं कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

काही महापालिका घरपट्टीत सूट देतात. पुण्यात सोलर, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के, पण यंत्रणा चालू असायला हवी. प्रत्येक शहराचा नियम निराळा, तेव्हा पावती फाडायच्या खिडकीवरच विचारून घ्या.

आता अबोलीताईंच्या यजमानांचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही. १ किलोवॉट पॅनेलं दिवसाला सरासरी ४ युनिट देतात आणि १०० चौरस फूट जागा खातात. तेवढीच उष्णता १०० लिटरचा हीटर वीस-पंचवीस चौरस फुटांत देतो. जागेचा विचार केला तर हीटर सरस. पण मे महिन्यात गरम पाणी कोणी घेत नाही आणि ते महावितरणला विकताही येत नाही. पॅनेलांची वीज नेट मीटरवर जमा होते, त्यावर पंखा चालतो, फ्रिज चालतो, आणि पहाटे साडेपाचचा गीझरही त्या जमेतून वळता होतो. पाइपात पाणी थंड होण्याची भानगड नाही.

बिल वर्षभर ३०० च्या वर असेल तर आधी पॅनेलं. फक्त थंडीत चढत असेल तर हीटर. बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा, उत्तर तिथेच आहे.

---

अबोली_नाशिक

काका, आत्ताच बिलं काढून पाहिली. उन्हाळ्यात कूलर असूनही १८०-२२० युनिट. डिसेंबर-जानेवारीत ३४० च्या आसपास. म्हणजे खरंच गीझरचंच आहे हे सगळं. नवऱ्याला दाखवलं, तो 'हं' म्हणाला.

जिन्याखालचा, खालचं आणि वरचं बाथरूम एकावर एक आहे, फक्त गच्चीवरची टाकी दुसऱ्या टोकाला आहे.

आणि जड पाण्याचं कोणीच बोललं नाही अजून.

---

काटकसर

३४० उणे २०० म्हणजे १४०. मी दिवसाला पाच धरले होते, महिन्याचे १५० होतात. बसलं की गणित!

---

शेवंती

जड पाण्यावर मी लिहिते, कारण संभाजीनगरला आमचं घर पूर्ण बोअरवर आहे आणि दोन्ही प्रकार वापरून झालेत.

पहिला सपाट पेटीचा होता. आत तांब्याच्या बारीक नळ्या असतात. काही वर्षांनी पाणी तापायचं कमी झालं. कारागिराने जोड उघडून दाखवला, तर नळीच्या भोकात पेन्सिलसुद्धा जाणार नाही इतका पांढरा दगड. पाणी फिरायलाच वाट नाही. पंप नसतोच यात, गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर टाकीत चढतं आणि थंड खाली उतरतं. वाट अरुंद झाली की ते चक्र थांबतं.

दुसरा काचेच्या नळ्यांचा. तिथे नळी चांगली रुंद, क्षार तळाला भुग्यासारखा साठतो. वर्षातून एकदा नळ्या उतरवून धुवायच्या. त्यामुळे जड पाण्याला नळ्यावालाच. पण टाकीचं विचारा! स्टेनलेस स्टीलची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खारट पाण्याने वेल्डिंगच्या जागी बारीक छिद्रं पडतात आणि मग बाहेरच्या पत्र्याखालून थेंब थेंब गळायला लागतं. एनॅमलचा लेप दिलेली टाकी मिळते, ती थोडी महाग. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, अॅनोड म्हणतात. टाकीऐवजी ती झिजते, म्हणून ती तपासून बदलायची असते. ही कांडी आहे का, असं विक्रेत्याला विचारलंत की लगेच कळतं त्याला किती माहिती आहे ते.

कोणी अॅसिड टाकून 'साफ करून देतो' म्हणालं तर स्टीलच्या टाकीत मीठाचं अॅसिड कदापि घालू देऊ नका.

आणि विक्रेते पाण्यात पेनासारखं मीटर बुडवून टीडीएस दाखवतात. तो एकूण क्षारांचा आकडा. दगड बसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, त्यासाठी कठीणपणाची तपासणी वेगळी करावी लागते. साबणाला फेस येत नसेल तर उत्तर घरीच मिळालं म्हणा.

---

टवाळ

गॅस गीझर कोणीच काढला नाही. स्वस्त, मस्त, जिना नको, गच्ची नको.

---

सदाफुली

टवाळ, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या वायूला वास नसतो. गीझर आणि सिलिंडर बाहेर, हवा खेळती, हे सगळं असेल तर ठीक. सासरे पहाटे दार लावून आंघोळ करणार त्या घरात मी तरी सुचवणार नाही.

---

टवाळ

मान्य. गप्प बसतो.

---

मी_बेंगळुरूकर

इकडे ठरावीक आकाराच्या पुढचं नवीन घर असेल तर वीजजोड घेताना सोलर हीटर लावावाच लागतो, त्यामुळे गल्लीगल्लीत गच्चीवर हेच दिसतं. बसवताना काय बघायचं ते लिहितो, कारण वस्तू चांगली असूनही बसवणाऱ्याने घाण केलेली घरं इथे भरपूर.

थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलर टाकीच्या डोक्यापेक्षा वर हवा, नाहीतर सोलर टाकी पूर्ण भरतच नाही. जुन्या घरात टाकी गच्चीला टेकलेली असते, मग तिला उंच लोखंडी घोडा किंवा विटांचा ओटा करावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो. काम सुरू झाल्यावर 'साहेब, एवढं करावं लागेल' असं कळतं.

सोलर टाकीवर एक उभी नळी असते, हवा आणि वाफ जायला. तिचं तोंड थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर आणि उघडं हवं. एका शेजाऱ्याने त्यातून पाणी उडतं म्हणून बूच मारलं होतं! घरात प्रेशर पंप असेल तर साधी टाकी चालत नाही, दाब सहन करणारी वेगळी घ्यावी लागते.

नळ्या आल्या की प्रत्येकीचं खालचं टोक बघा. तिथे आरशासारखा चंदेरी डाग हवा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आतली पोकळी गेलेली, ती नळी परत करायची. पुढेही दर दिवाळीला एकदा ही नजर टाकायची, म्हणजे कुठली बदलायची ते कोणाला न विचारता कळतं.

आणि पहिल्यांदा पाणी भरायचं ते सूर्य वर यायच्या आत. दुपारभर रिकाम्या तापलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडलं तर त्या तडकतात. कारागीर घाईत असतात, भर दोन वाजता कॉक उघडतात आणि 'माल खराब होता' म्हणतात.

---

अबोली_नाशिक

हे सगळं कोणी विक्रेत्याने सांगितलं असतं तर मी डोळे झाकून त्याच्याकडून घेतलं असतं!

आमच्याकडे प्रेशर पंप नाही. टाकी चार विटांच्या ओट्यावर आहे, म्हणजे ती उचलावी लागणार.

एक प्रश्न राहिला. ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत वीजेचा हीटर बसवून देतो म्हणतात. घ्यावा का?

---

जिन्याखालचा

नको. ते १५०-२०० लिटरची अख्खी टाकी तापवत बसतं, आणि बटण जिन्याच्या वर असल्याने बंद करायला कोणी जात नाही. बाथरूममधला १५ लिटरचा गीझर आहे तिथेच राहू द्या. पावसाळ्यात लागेल तेवढाच चालवा. भंगारवाल्याला अजिबात देऊ नका.

शिवाय एक बघा. मिक्सर नळाला खाली हातातला स्प्रे असेल आणि मिक्सरची दोन्ही तोंडं उघडी राहिली, तर थंड पाणी गरमच्या लाइनीत शिरतं आणि वरच्या बाथरूममध्ये 'सोलर बिघडलं' अशी बोंब होते. गरमच्या लाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून घ्या. थोडक्या पैशांसाठी कारागीर तो गाळतात.

---

शेवंती

सासरे वयस्कर आहेत म्हणून सांगते. मार्च-एप्रिलमध्ये सोलरचं पाणी ७०-७५ अंशांपर्यंत जातं. गीझरला थर्मोस्टॅट असतो, सोलरला सूर्य थांबवणारं काही नाही. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, ही सवय घरात सगळ्यांना लावावी लागते. आमच्याकडे खालच्या नळाला लाल रंगाची चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय. लहान मुलाने हात घातला आणि फोड आला तेव्हापासून.

उन्हाळ्यात अर्ध्या नळ्यांवर हिरवी शेडनेट टाकते, म्हणजे पाणी उकळत नाही. गावाला जातानाही तेच. थंडीच्या आधी काढायची आणि नळ्यांवरची धूळ पुसायची. शेजारी बांधकाम चालू असेल तर मग दर पंधरा दिवसांनी पुसायची.

---

भातखाचर

ते ठीक, पण गारा? नाशिककडे द्राक्षबागा झोडपतात दर दोन वर्षांनी.

---

मी_बेंगळुरूकर

बारीक गारांना नळ्या टिकतात, लिंबाएवढ्या आल्या तर सांगता येत नाही. सुटी नळी मिळते, काही शे रुपयांना. एक फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी तिथून वाहून जातं, म्हणून थंड पाण्याच्या जोडणीवर कॉक सहज हाताला लागेल असा ठेवा. दोन जादा नळ्या कपाटाच्या वर ठेवून द्या.

---

वायरमन_निवृत्त

ताई, हीटर घ्यायचं ठरलं तरी पॅनेलांची जागा आत्ताच राखून ठेवा. हीटरची टाकी उंच असते आणि आपल्याकडे थंडीत दुपारची सावली उत्तरेला लांब पडते. म्हणून हीटर गच्चीच्या उत्तर कडेला, तोंड दक्षिणेला, आणि त्याच्या पुढची मोकळी जागा पॅनेलांसाठी. उलटं केलंत तर पुढे हीटर हलवायला परत पैसे. थंड टाकीचा नवा ओटासुद्धा त्याच उत्तर बाजूला घ्या.

आणि गच्चीला भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे करून स्टँड त्यात बसवतात. वाऱ्यासाठी ते चांगले वजनदार हवेत.

---

अबोली_नाशिक

ठरलं. काल त्या विक्रेत्याला फोन करून सांगितलं की ३०० नको. लगेच म्हणाला, 'मॅडम, २०० पण खूप होईल तुम्हाला.' मग परवा काय झालं होतं?

२०० लिटर, काचेच्या नळ्या, एनॅमलची टाकी, अॅनोड कांडी दाखवून. आधी फक्त खालच्या बाथरूमला जोडणी, म्हणजे सासरे, सासूबाई आणि मुलं पाठोपाठ तिथेच उरकतील. वरच्या बाथरूमसाठी पाइपाला टी (फाटा) काढून ठेवणार, गीझर तसाच. उन्हाळ्यात बोअरचं पाणी वरच्या टाकीत न चढवता खालच्या बागेच्या टाकीत घ्यायचं असं सासऱ्यांनी स्वतःच सुचवलं. पॅनेलांचा अर्ज नवरा भरणार आहे, निदान तसं म्हणतोय.

सासूबाईंनी एकच अट घातलीय, ओटा बांधताना त्यांच्या तुळशीला आणि पापडाच्या खाटेला ऊन राहिलं पाहिजे.

---

काटकसर

खाटेची सावली पॅनेलांवर पडणार नाही ना, ते बघा म्हणजे झालं.

---

जिन्याखालचा

टी काढताय तर तिथेच बॉल व्हॉल्व्ह टाका, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, लावायला सांगा. चार-पाच वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की टाकी सुटी करावी लागते, युनियन नसेल तर पाइप करवतीने कापतात.

---

अबोली_नाशिक

युनियन लिहून घेतलं. प्लंबर शनिवारी येतोय, कोटेशन आलं की इथे टाकते, आकडे बघून सांगा कुठे कात्री लावायची.